पुनर्वसनाची पदवी घ्यावी का? आधी परवान्याचे विचारा

पत्र

माझे वय २३ आहे. विज्ञान शाखेतून शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर घरच्या अडचणींमुळे मला पुढे शिकता आले नाही. सध्या मी एका पुनर्वसन केंद्राच्या स्वागतकक्षात नोकरी करते. पक्षाघातानंतर पुन्हा बोलू लागणारी, अपघातानंतर पुन्हा पाऊल टाकणारी माणसे रोज पाहते आणि हे काम आपण करावे असे मनापासून वाटते. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळू शकतो. पहिली ‘पुनर्वसन विज्ञान’ या नावाची तीन वर्षांची पदवी आहे. तिचे शुल्क बेताचे आहे आणि घरून जाऊन-येऊन ती करता येईल. दुसरी फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. तिचे वार्षिक शुल्क जवळजवळ दुप्पट आहे आणि बाहेर राहावे लागेल. वडील म्हणतात की दोन्हीकडे थेरपीच शिकवतात, तर कमी खर्चाची घे. तरीही तुला दुसरीच हवी असेल तर मी निवृत्तीसाठी ठेवलेले पैसे मोडतो. आईचे म्हणणे असे की या क्षेत्राला मागणी वाढतेच आहे, तेव्हा पैसे सुटतीलच. पुढे जमल्यास परदेशात काम करण्याचीही माझी इच्छा आहे. हा खर्च खरोखर वसूल होतो का? आणि जिथे माणसांची सेवा आहे, तिथे असा पैशांचा हिशेब करणे चुकीचे आहे का? प्रवेश निश्चित करायला तीन आठवडे उरले आहेत.

— एक वाचक (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो. हिशेब करणे चुकीचे नाही. कर्जाच्या हप्त्याखाली दबलेला थेरपिस्ट एका तासात जितके पेशंट पाहायला नकोत तितके पाहतो, जिथे नको तिथे नोकरी धरून राहतो, आणि काही वर्षांत कामालाच कंटाळतो. तुमचा हिशेब नीट असणे हे तुमच्या भावी पेशंटच्याही हिताचे आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही दोन पदव्यांची तुलना करत आहात आणि तुमचे वडीलही तेच करत आहेत. या क्षेत्रात मात्र पैसे पदवीला मिळत नाहीत. काम करण्याच्या परवान्याला, म्हणजे नियामक संस्थेकडील नोंदणीला मिळतात. पदवी ही त्या नोंदणीपर्यंत पोहोचण्याची वाट आहे. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाला विचारायचा पहिला प्रश्न शुल्काचा नाही. तो असा आहे: हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर, आणखी काहीही न शिकता, मला कोणत्या नावाने स्वतंत्रपणे पेशंटवर उपचार करता येतील, आणि ते नाव वापरण्याची परवानगी कोण देते?

हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्यांची संस्था स्थापन केली. मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्याच धंद्यांपासून प्रशिक्षित व्यक्तींचे काम वेगळे ओळखले जावे, हा तिचा हेतू होता. तीच संस्था पुढे तेथील फिजिओथेरपिस्टांची मुख्य व्यावसायिक संघटना झाली. आज ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारे) किंवा स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट (वाचा-उपचार करणारे) ही नावे नोंदणीशिवाय लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. ‘पुनर्वसन’ या व्यापक शब्दाला असे संरक्षण सहसा नसते, आणि तुमच्या पहिल्या पर्यायाच्या नावात नेमका तोच शब्द आहे.

‘पुनर्वसन विज्ञान’ किंवा ‘पुनर्वसन उपचार’ अशा नावाची पहिली पदवी वाईट असते असे मला म्हणायचे नाही. ती कुठे घेतली जाते आणि कशासाठी घेतली जाते, एवढे पाहिले पाहिजे. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी आता ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ ही पदवी लागते; पहिल्या पदवीसाठी साधारण चार वर्षे आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षे. ऑक्युपेशनल थेरपीसाठी तेथे किमान पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. त्या रचनेत पुनर्वसन विज्ञानाची पहिली पदवी ही पुढच्या प्रवेशाची तयारी असते आणि तिथले विद्यार्थी ती तशी समजूनच घेतात. कॅनडातही या दोन्ही व्यवसायांत प्रवेश बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रमातूनच होतो. याउलट ब्रिटनमध्ये साधारण तीन वर्षांची आणि ऑस्ट्रेलियात चार वर्षांची मान्यताप्राप्त पहिली पदवी नोंदणीसाठी पुरते. भारतात फिजिओथेरपीची पहिली पदवी इंटर्नशिपसह साडेचार ते पाच वर्षांची आहे आणि तेवढ्यावर काम सुरू करता येते. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली, तर वाचा-उपचार, श्रवणशास्त्र, कृत्रिम अवयव अशा शाखांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे राहिली. जर्मनीत फिजिओथेरपी बव्हंशी तीन वर्षांच्या व्यावसायिक प्रशिक्षणातून शिकवली जाते. जपानमध्ये १९६५ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय परवाना मिळतो आणि त्याच्या परीक्षेला तीन वर्षांच्या व्यावसायिक शाळेतूनही बसता येते, चार वर्षांच्या विद्यापीठीय पदवीनंतरही. परवाना एकच, वाटेचा खर्च मात्र वेगवेगळा.

एवढे देश सांगण्याचे कारण तुमच्या पत्रातले परदेशाविषयीचे वाक्य आहे. एका देशात परवान्यापर्यंत नेणारी पदवी दुसऱ्या देशात अर्ध्या वाटेवर सोडू शकते. फिजिओथेरपीची परदेशी पहिली पदवी घेऊन अमेरिकेत जाणाऱ्याच्या अभ्यासक्रमाची तेथील अभ्यासक्रमाशी विषयवार तुलना होते, कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात आणि त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. यात जाणारा वेळ आणि पैसा आज तुमच्या हिशेबात कुठेच नाही. ऑक्युपेशनल थेरपीच्या जागतिक महासंघाने किमान १००० तासांच्या प्रत्यक्ष क्षेत्रप्रशिक्षणाची अट ठेवली आहे. तुम्ही ती शाखा निवडलीत तर महाविद्यालय हे तास पूर्ण करून घेते का आणि त्यांची नोंद लेखी देते का, हे विचारून घ्या. परदेशाचा विचार नुसती इच्छा असेल तर तो आजच्या निर्णयातून काढून टाका, असे मी म्हणेन. तो पक्का असेल तर देश आजच ठरवा आणि त्या देशाच्या नियामकाचे नियम आधी वाचा. ‘परदेश’ असा एक देश नाही. म्हणून त्या शब्दाच्या भरवशावर जास्त शुल्क भरणे मला पटत नाही.

आता पैशांकडे वळू. तुमच्या पत्रात रकमा नाहीत, म्हणून एक मोजमाप ठरवू: तुमच्या आजच्या वर्षभराच्या हातात येणाऱ्या पगाराला १०० म्हणू. पुढचे आकडे समजावण्यापुरते आहेत. त्या जागी तुमचे खरे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.

फिजिओथेरपीचे शुल्क वर्षाला ४० आणि बाहेर राहण्याचा जास्तीचा खर्च, पुस्तके, प्रवास मिळून १०, असे धरू. येथे घरी राहूनही झालाच असता तो जेवणाखाणाचा खर्च धरायचा नाही, फक्त वाढीव खर्च धरायचा. वर्षाला ५० प्रमाणे साडेचार वर्षांचे २२५ झाले. बहुतेक घरांत हिशेब येथे थांबतो आणि येथेच तो चुकतो, कारण त्या साडेचार वर्षांत तुम्हाला मिळाला असता तो पगारही तुम्ही सोडत आहात. पगारवाढ धरली नाही तरी ते ४५० होतात. म्हणजे या पदवीची खरी किंमत ६७५ आहे आणि तिचा दोन तृतीयांश भाग शुल्काच्या पावतीवर कधीच दिसत नाही.

शुल्क आणि वाढीव खर्चाचे २२५ पूर्णपणे कर्जाऊ घेतले, दर वर्षीची रक्कम त्या त्या वर्षाच्या सुरुवातीला उचलली आणि व्याज साधे १० टक्के धरले, तर शिक्षण संपेपर्यंत सुमारे ६१ एवढे व्याज साचते. पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज सव्वापटीहून अधिक झालेले असते. बँकेचा प्रतिनिधी ‘शिकताना हप्ता नाही’ असे आश्वासक सुरात सांगतो. हप्ता नसतो हे खरे, व्याज मात्र असते. तेव्हा एकूण किंमत ७३६ धरा.

आता मिळकतीची बाजू. येथे थेरपिस्टचा पूर्ण पगार धरायचा नाही. शिकला नसता तरी तुमची मिळकत काही शून्य राहिली नसती. धरायचा तो फरक: थेरपिस्ट म्हणून हातात येणारी रक्कम वजा त्याच वर्षी आजच्या नोकरीत मिळाली असती ती रक्कम. हा फरक सरासरी वर्षाला ५० असेल तर ७३६ भरून निघायला जवळजवळ पंधरा वर्षे लागतात आणि तुम्ही बेचाळीस वर्षांच्या होता. फरक ८० असेल तर नऊ वर्षांच्या आसपास, म्हणजे छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी. फरक १२० असेल तर सहा वर्षे. पदवी तीच, महाविद्यालय तेच; उत्तर बदलते ते या एका फरकाने. म्हणून ‘पदवी परवडते का’ या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा तुमच्या भागातील नवे, दोन-पाच वर्षे काम केलेले थेरपिस्ट जास्त अचूक देतील. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या, स्वतःचे क्लिनिक असलेल्या व्यक्तीला विचारू नका. तिची मिळकत हे तुमच्या पहिल्या दहा वर्षांचे चित्र नाही.

हेच मोजमाप पहिल्या, स्वस्त पर्यायाला लावून पाहा. वर्षाला २५ प्रमाणे तीन वर्षांचे ७५, आणि सोडलेला पगार ३००. एकूण ३७५, म्हणजे वरवर पाहता निम्मी किंमत. पण ती पदवी परवान्यापर्यंत नेत नसेल, तर पुढे मिळणारी कामे बहुधा थेरपी सहाय्यक, केंद्रातील समन्वयक, उपकरणांची विक्री किंवा विमा कंपनीतील कागदपत्रे अशा प्रकारची असतात. यांपैकी बऱ्याच कामांना ही पदवी लागतच नाही, आणि समन्वयकाच्या कामाचा निम्मा भाग तुम्ही आज स्वागतकक्षात करतच आहात. तेव्हा मिळकतीतला फरक शून्याच्या जवळ राहिला, तर ३७५ कधीच वसूल होणार नाहीत. तेथून पुढे परवान्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा म्हटला तर किमान दोन वर्षे आणखी लागतील, शुल्क नव्याने भरावे लागेल आणि प्रवेशाची हमी नसेल. वडिलांनी स्वस्त म्हटलेला पर्याय असा महागडा ठरण्याची शक्यता मोठी आहे. मात्र त्या अभ्यासक्रमाला नियामकाची थेट मान्यता असेल आणि त्यातून एखाद्या नोंदणीकृत व्यवसायात प्रवेश मिळत असेल, तर वरचे सगळे उलटे होते आणि मी तुम्हाला डोळे मिटून तोच घ्या असे सांगेन. म्हणून नावावरून निर्णय घेऊ नका. नियामकाच्या यादीत पाहा. महाविद्यालयाचे माहितीपत्रक पुरावा म्हणून धरू नका. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ आणि ‘मान्यता आहे’ या दोन वाक्यांमध्ये तुमची तीन वर्षे अडकू शकतात.

आईच्या मुद्द्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तो बहुतेक घरांत जसाच्या तसा ऐकू येतो. गरज वाढते आहे हे खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘पुनर्वसन २०३०’ हा उपक्रम सुरू केला. २०१९ सालच्या स्थितीवर आधारलेल्या अभ्यासानुसार जगातील सुमारे २.४ अब्ज लोकांना पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल असा एखादा आजार किंवा दुखापत आहे, म्हणजे दर तीन माणसांमागे साधारण एकाला. काही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा लाख लोकसंख्येमागे दहाहूनही कमी प्रशिक्षित पुनर्वसनकर्मी आहेत, असेही ही संघटना सांगते. हे वाचले की नोकऱ्या हात जोडून उभ्या असतील असे वाटते.

पण गरज वेगळी आणि पगारी जागा वेगळी. ज्या देशात दहा लाखांमागे दहाच थेरपिस्ट आहेत, तेथे पद भरायला माणूस मिळत नाही असे नेहमीच नसते. पुष्कळदा पदच निर्माण झालेले नसते. पुनर्वसनाचे पैसे शेवटी कोणीतरी द्यावे लागतात: सरकारी रुग्णालय, विमा योजना किंवा पेशंटचा खिसा. पेशंट खिशातून देत असेल तर दुखणे सोसवेल इतके कमी झाले की तो यायचे थांबतो; बारा सेशन लिहून दिलेली असतात आणि पाचव्यानंतर फोन उचलला जात नाही. विमा देत असेल तर सेशनची संख्या आणि दर विमा कंपनी ठरवते. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०२२ पासून थेरपी सहाय्यकाने दिलेल्या बाह्यरुग्ण सेवेसाठी नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच रक्कम द्यायला सुरुवात केली. पेशंटची गरज त्या दिवशी १५ टक्क्यांनी कमी झाली नव्हती. म्हणून ‘मागणी आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘पैसे कोण देतो, किती सेशनचे देतो आणि त्यातले थेरपिस्टकडे किती पोहोचतात’ असे विचारा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तुमच्याइतक्या चांगल्या जागेवर बसलेले फार थोडे इच्छुक असतात. भेटींची नोंदवही तुमच्यासमोर असते. एक थेरपिस्ट दिवसात किती पेशंट पाहतो, किती भेटी रद्द होतात, किती जण ठरलेली सेशन पूर्ण करतात, गेल्या काही वर्षांत किती थेरपिस्ट सोडून गेले आणि कुठे गेले, हे सगळे पेशंटची खासगी माहिती न उघडता नुसत्या मोजणीतून कळते. केंद्रातील थेरपिस्ट पगारावर आहेत की सेशनमागे पैसे घेतात, हेही पाहा. सेशनमागे मिळणारी रक्कम ऐकताना मोठी वाटते, पण रद्द झालेली भेट, स्वतःचे आजारपण आणि सुट्टी यांचे पैसे त्यात नसतात.

मिळकतीबद्दल आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. या व्यवसायात सुरुवातीचा पगार अनेक ठिकाणी बरा असतो, पण पुढची चढण फार उंच नसते. दहा वर्षांचा अनुभव असलेला थेरपिस्टही दिवसाला मोजकीच सेशन घेऊ शकतो, कारण त्याचा दिवस तासांत मोजला जातो. मिळकत ठळकपणे वाढते ती एखादी उपशाखा पक्की केल्याने, स्वतःचे क्लिनिक काढल्याने, अध्यापनात किंवा व्यवस्थापनात गेल्याने. म्हणजे पुन्हा थोडे शिक्षण, थोडे भांडवल आणि थोडी जोखीम. पंधरा वर्षांचे गणित मांडताना मिळकत दर वर्षी झपाट्याने वाढेल असे धरू नका.

आणि शरीर. पेशंटला खाटेवरून खुर्चीत घेणे, तोल सांभाळत चालवणे, अंगठ्यांनी सांध्यांवर दाब देणे हे रोज, वर्षानुवर्षे करायचे काम आहे. कंबरदुखी ही फिजिओथेरपिस्टांची स्वतःची नेहमीची तक्रार आहे. हाताने उपचार करणाऱ्यांत अंगठा आणि मनगटही दुखावते. खर्च वसूल व्हायला बेचाळिसावे वर्ष उजाडत असेल, तर तोवर पूर्णवेळ खाटेजवळचे काम शरीराला झेपेल, हे आपण गृहीत धरत आहोत. वाचा-उपचारात उचलण्याचे काम जवळपास नसते आणि ऑक्युपेशनल थेरपीत ते शाखेनुसार कमी-जास्त असते. तुमच्या पत्रात पुन्हा बोलू लागलेल्या पेशंटचा उल्लेख पाऊल टाकणाऱ्याच्या आधी आला आहे. कदाचित तो योगायोग असेल, पण या दोन शाखांची चौकशी तुम्ही केलेली दिसत नाही, ती करा.

वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्यांना हात लावू नका. शिक्षणासाठी कर्ज मिळते, म्हातारपणासाठी कोणी कर्ज देत नाही. शिवाय ते पैसे मोडले तर तुमच्या पहिल्या पगारावर आई-वडिलांच्या खर्चाचा हक्क पहिल्या दिवसापासून येईल आणि तो हप्ता बँकेच्या हप्त्यापेक्षा जड असेल, कारण त्याला मुदत नसते. कर्ज किती घ्यावे, यासाठी एक ढोबळ पण उपयोगी मर्यादा वापरतात: शिक्षण संपताना एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित एकूण पगाराहून जास्त नसावे. आपल्या उदाहरणात तो पगार १५० असेल, तर २८६ चे कर्ज या मर्यादेच्या दुपटीकडे झुकते. ते परवडणारे नाही. ते १५० पर्यंत आणायचे तर उरलेले कुठून आणायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. तुमची बचत, शिष्यवृत्ती, वसतिगृहाऐवजी वाटून घेतलेली खोली, वडिलांच्या चालू मिळकतीतून ठरावीक मासिक मदत, आणि सुट्ट्यांमध्ये तुमच्याच केंद्रात काम, यांतून बराच भाग निघू शकतो. नोकरी करत पूर्ण पदवी करण्याची आशा मात्र ठेवू नका. शेवटच्या वर्षांत रुग्णालयातील रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतील आळीपाळीची प्रशिक्षणे, दिवसभर चालतात, त्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, आणि कधी लांबच्या रुग्णालयात नेमणूक झाली तर प्रवासाचा व राहण्याचा खर्च विद्यार्थ्याच्याच माथी येतो. इंग्लंडसारख्या काही ठिकाणी नोकरीत राहून पगारासह फिजिओथेरपीची किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवी करण्याची सोय आहे. तुमच्या नियामकाच्या क्षेत्रात असे काही आहे का, ते केंद्राच्या व्यवस्थापकांना विचारा. मालकाने शुल्कातला वाटा उचलून त्याबदल्यात काही वर्षांच्या सेवेचा करार करून घेणे हाही एक मार्ग आहे. करार मोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल, ते कलम आधी वाचा.

परवाना देणाऱ्या पदवीत एक जोखीम अशी असते की ती सहसा पुरी घ्यावी लागते. तीन वर्षे शिकून सोडली तर तीन वर्षांचा परवाना मिळत नाही. म्हणून महाविद्यालयाला नुसती निकालाची टक्केवारी विचारू नका. प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जण वेळेत पदवी घेतात, त्यांपैकी किती जण पहिल्याच प्रयत्नात नोंदणी मिळवतात आणि त्यानंतर सहा महिन्यांत किती जण पेशंट पाहण्याच्या नोकरीत असतात, अशी साखळी विचारा. ‘९५ टक्के निकाल’ हा आकडा शेवटपर्यंत टिकलेल्यांचा असतो. मध्येच गळालेले त्यात मोजलेले नसतात. शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या पहिल्या वर्षाच्या विषयांत बरेच जण अडखळतात. तुमचा अभ्यास काही वर्षे सुटला आहे, तेव्हा या विषयांची पुस्तके आत्ताच आणून रोज संध्याकाळी वाचून पाहा. ती कंटाळवाणी वाटली तरी हरकत नाही. मात्र डोक्यात शिरतात का, ते पाहा.

सगळे सांगून झाल्यावर माझा कल कोणीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या पर्यायाला नियामकाची मान्यता नसेल, तर तो घेऊ नका, शुल्क निम्मे असले तरीही. दुसरा पर्याय घ्या, जर मिळकतीतला फरक तुमच्या चौकशीत ८० च्या आसपास किंवा त्याहून अधिक येत असेल आणि कर्ज वरच्या मर्यादेत बसत असेल. फरक ५० च्या जवळ असेल तर तेव्हाही तुम्ही जाऊ शकता, पण मग हे काम मला आवडते म्हणून मी काही रक्कम त्यासाठी खर्च करते आहे, असे स्वतःला आणि घरच्यांना स्पष्ट सांगून जा. आवडीच्या कामासाठी पैसे मोजण्यात काहीही गैर नाही; फक्त ते गुंतवणूक या नावाखाली मोजू नयेत. आणि या तीन आठवड्यांत उत्तरे मिळाली नाहीत, तर एक वर्ष थांबा. एक वर्ष उशीर झाल्याने आपल्या उदाहरणात ५० ते ८० एवढे नुकसान होते. चुकीच्या पदवीने ३७५ चे होते. थांबलेल्या वर्षात तुमचा पगार चालू राहतो आणि कर्जाची रक्कमही तेवढी खाली येते.

या आठवड्यात नियामकाला पत्र किंवा ईमेल पाठवून दोन्ही अभ्यासक्रमांची नेमकी नावे व वर्ष लिहून त्यांच्या मान्यतेची स्थिती विचारा. दोन्ही महाविद्यालयांकडून उत्तराच्या सुरुवातीला दिलेल्या परवान्याच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागा; तोंडी उत्तर कितीही ठाम असले तरी ते मोजू नका. प्रवेशाची रक्कम भरण्याआधी शुल्क परत करण्याचे नियम मागून घ्या, विशेषतः वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर किती रक्कम कापली जाते ते. ती कपात किरकोळ असेल आणि नियामकाचे उत्तर यायला वेळ लागत असेल, तर फिजिओथेरपीची जागा राखून ठेवा आणि नोकरीचा राजीनामा मात्र ते उत्तर हातात पडेपर्यंत देऊ नका.